ब्राझीलहून दिवाळीनंतरच्या गावाला

शेवटच्या आठवड्यात, मी जिच्याकडे राहत होते त्या दोना लुर्देसच्या (दोना म्हणजे आपल्याकडच्यासारखं 'बाई') अंगणातल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर रोज सकाळी काळी राख पडायची. पेर्नाम्बुकु या ब्राझीलच्या राज्यात ऊस तोडण्याआधी फड पेटवून देतात. पाचट जळतं, ऊस उभा राहतो आणि राख आसपासच्या दहा वस्त्यांवर उडते. लुर्देस रोज शिव्या घालत कपडे पुन्हा धुवायची. मला राग यायचा तो वेगळाच. राख मजुरांच्या कपड्यांवर, साखर दुसऱ्याच्या घरी. हे तिथंही तसंच आहे, एवढं आधी सांगून टाकते. नाहीतर वाचणारे म्हणतील, पोरगी परदेशात जाऊन भुलली.

मी जामखेड तालुक्यातली. ऊसतोड कामगारांच्या संघटनेत काम करते. पत्रकं लिहिते, वाटते, आणि माईक हातात आला की लवकर सोडत नाही, अशी माझी ख्याती आहे. शेतमजूर संघटनांच्या देवाणघेवाणीत कुणीतरी तिकडे जायचं होतं. माझ्याकडे पासपोर्ट होता आणि सांभाळायला घरदार नव्हतं, म्हणून मी गेले. पाच महिने राहिले. पाऊसकाळात तिथल्या संघटनेच्या कचेरीत बसले, हंगाम लागल्यावर फडात गेले. पोर्तुगीज भाषा मोडकीतोडकी आली, भांडण्यापुरती पक्की आली.

निघण्याच्या चार-पाच दिवस आधी मंगलवहिनीचा व्हिडिओ कॉल आला. मंगलवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. आईवडील गेल्यापासून आमचं घर म्हणजे ही दोघंच. मी न्याहारीला बसले होते. पुढ्यात कुसकुस (मक्याची भरड वाफवून केलेला ढोकळ्यासारखा पदार्थ) आणि लोणी होतं. पडद्यावर वहिनीचा चेहरा, मागे आमची भिंत. लुर्देस माझ्या खांद्यावरून डोकावली आणि पोर्तुगीजमध्येच सुरू झाली. वहिनी मराठीत उत्तरं देत होती. वहिनीने पोटावर हात ठेवला, लुर्देसने आपल्या पोटावर ठेवून बोटं दाखवली, वहिनीने मान हलवली. दुभाषी म्हणून माझी कुणालाच गरज नव्हती.

मग वहिनी मला म्हणाली, "वन्सं, भाऊबीज झाली की टोळी हालनार. म्या बी चालले."

"वहिनी, आठवा लागलाय तुम्हाला!"

"मंग? फडात आठवा लागत न्हाई व्हय कुनाला?"

ती हसली. मला हसू आलं नाही. तिचं पहिलं मूल फडावरच्या कोपीत (उसाच्या पाचटाची झोपडी) झालं होतं. जगलं नाही. मी म्हटलं, दादाला फोन द्या. दादा आला. मी त्याला जे काही सुनावलं ते पत्रकात छापण्यासारखं होतं, घरात बोलण्यासारखं नव्हतं. तो ऐकून घेत राहिला आणि शेवटी म्हणाला, "तुला काय जातंय तिकडं बसून बोलायला," आणि फोन ठेवला.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच होतं. टोळी निघायच्या आत पोचायचं. तिकीट बदलता येत नव्हतं. आहे त्याच विमानाने गेले तर ज्या दिवशी ट्रॉली निघणार त्याच दिवशी मी गावात. ट्रॉली सकाळी निघते की संध्याकाळी, हे दादालाही सांगता येत नव्हतं. ते मुकादमावर.

निघायच्या सकाळी लुर्देसने गाठोडं पुढे ठेवलं. आत जुन्या जीन्सच्या कापडाच्या बाह्या होत्या, मनगटापासून दंडापर्यंत चढवायच्या. उसाचं पातं हात कापतं, म्हणून तिथले तोडणीवाले त्या घालतात. आमच्याकडे जुना शर्ट चढवतात, नाहीतर कापून घेतात. लुर्देसने मला आधी विचारलं होतं, तुझ्या भावाच्या टोळीत किती? मी सांगितलं होतं, बारा.

"हे बारा जोड," ती म्हणाली. "हा वेगळा, लहान मापाचा, तुझ्या वहिनीला. आणि बाकीच्या बायकांना काय देणार आहेस?"

"बायका त्या बारातच आहेत," मी म्हटलं.

"म्हणजे सहा पुरुष, सहा बायका?"

"नाही. बारा पुरुष, बारा बायका."

लुर्देसने माझ्याकडे पाहिलं. मग आपल्या बाह्यांकडे पाहिलं.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. तो तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते, आणि दोघं मिळून एक. एकटं माणूस असेल तर 'अर्धा कोयता'. टोळी किती मोठी, हे आम्ही कोयत्यांत सांगतो. लहानपणापासून तोंडात तेच बसलंय. "कोयता म्हणजे दोन माणसं, दोघांना वेगळं मोजा" ही ओळ मी स्वतः पत्रकात घातलेली आहे, ठळक अक्षरांत. आणि त्याच तोंडाने मी बारा सांगून मोकळी झाले होते.

"तुमचे कोयते जेवतात का?" लुर्देसने विचारलं. "मग जेवायला किती ताटं मांडता?"

ती रागावली नव्हती, पण शिलाईचं मशीन पुन्हा उघडायला वेळ उरला नव्हता. तिने गाठोडं घट्ट बांधलं, वर हापादुराच्या (आपल्यासारखीच गुळाची वडी) चार वड्या ठेवल्या आणि मला बसपर्यंत सोडायला आली. बस सुटताना ती हात हलवत नव्हती. नुसती कमरेवर हात ठेवून उभी होती. मला ते बरं वाटलं.

बस डोंगरातून उतरत रेसिफेकडे निघाली. दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. हिरवा, जळका, तोडलेला, पुन्हा हिरवा. तीन तास दुसरं पीक दिसलं नाही. माणसाला खायला लागतं त्यातलं काहीच त्या जमिनीत नव्हतं. रेसिफे मात्र सुंदर आहे, नाकारून चालणार नाही. शहरात नद्या शिरलेल्या, त्यांवर पुलामागून पूल, आणि पुढे एकदम समुद्र. किनाऱ्यावर एका बाईकडून मी तपिओका घेतलं. पांढऱ्या पिठाचं घावन, आत खोबरं. खाताना कळलं की ही चव ओळखीची आहे. ज्या कंदाचा आपण साबुदाणा करतो, त्याचंच ते पीठ. तो कंद मुळातला तिकडचाच. म्हणजे आपल्या एकादशीचं फराळाचं सामान ब्राझीलचं आहे. त्याला देवघरापर्यंत जाताना कुणी गाव विचारलं नाही, जात विचारली नाही. माणसांना मात्र विचारतात.

रेसिफेहून साओ पाउलो, तिथून आखातात, तिथे विमान बदलून मुंबई. या शेवटच्या विमानात शेजारी तिशीतले एक गृहस्थ होते. आखातात नोकरी, गाव देवळाली प्रवरा. नगर जिल्ह्याचं माणूस भेटलं की आपल्याला भरतं येतं. त्यांनाही आलं.

"ब्राझीलला कशासाठी गेला होता?"

"ऊस बघायला."

ते मोठ्याने हसले. "अहो, ऊस बघायला ब्राझीलला? आमच्या देवळालीला यायचं की!"

"आले होते ना. लहानपणी सगळे हिवाळे तिथेच काढलेत. तुमच्या पाटाच्या कडेला, कोपीत."

ते जरा सावरून बसले. माणूस वाईट नव्हता. आपली केळ्याच्या चिप्सची पिशवी माझ्याकडे सरकवून म्हणाले, "आमच्याकडे दरवर्षी टोळी येते. चांगली माणसं असतात हो."

"एखाद्याचं नाव आठवतंय?"

त्यांनी खरंच आठवून पाहिलं. "मुकादमाचं आठवतं," ते म्हणाले.

मग आम्ही दोघांनी चिप्स खाल्ल्या. मला त्यांना आणखी बोलायचं होतं. जिल्हा एकच, पण उत्तरेला पाट आणि आमच्याकडे खडक, हे माझं ठरलेलं भाषण ओठावर होतं. पण माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं आणि अर्धं बारा जोड बाह्यांकडे.

मुंबईला बॅग तपासणारे साहेब गुळाच्या वड्या हातात घेऊन उलटसुलट बघत राहिले.

"हे काय?"

"गूळ."

"ब्राझीलहून गूळ आणला? कुठे चाललात?"

"नगर जिल्हा."

"नगर जिल्ह्यात गूळ न्यायचा?" त्यांनी शेजारच्याला हाक मारून वड्या दाखवल्या. दोघंही पोटभर हसले आणि मला सोडलं. मीही हसले असते, पण बाहेर येऊन फोन सुरू केला तर माझा नंबर बंद. पाच महिने रिचार्ज नाही म्हटल्यावर कंपनीने माझं अस्तित्वच पुसून टाकलेलं.

कल्याणहून माळशेजमार्गे जाणारी एसटी मिळाली. कंडक्टरने न विचारता बायकांचं अर्धं तिकीट फाडलं. आमच्या बायका फडात अर्धा कोयता आणि एसटीत अर्धं तिकीट. सरकारी हिशेब एकदाचा जुळला म्हणायचा. घाटात धुकं होतं, लोक खिडकीतून फोटो काढत होते. आळेफाट्याला वडापाव खाल्ला. पाच महिन्यांनी तिखट जिभेला लागलं आणि डोळ्यांत पाणी आलं. ते तिखटाचंच होतं.

नगरच्या स्टँडवर पाटी अहिल्यानगरची आणि हाका नगरच्याच. जामखेड गाडीत बसले आणि खरी परीक्षा सुरू झाली. समोरून ट्रॉल्या येऊ लागल्या. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांत बांबू, ताडपत्र्या, भांड्यांची पोती, शेळ्या, कोंबड्यांचे डालगे, आणि त्या सगळ्यावर माणसं बसलेली. मी खिडकीतून मान बाहेर काढून प्रत्येक ट्रॉलीतलं प्रत्येक तोंड बघत होते. शेजारच्या बाईने आपणहून फोन दिला. दादा अनोळखी नंबर उचलत नाही. तीनदा लावला, नाही उचलला.

"कोन हाय ट्रॉलीत?" बाईने विचारलं.

"भाऊ आणि वहिनी. वहिनी पोटुशी आहे."

"मंग देवाला सांग ट्रॉली पंचर होऊ दे म्हनून."

देवाने ऐकलं, पण गाडी चुकली. कडा गावाच्या अलीकडे आमच्या एसटीचंच चाक बसलं. सगळे खाली उतरले. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून येणाऱ्या ट्रॉल्यांत वाकून बघू लागले. एका ट्रॉलीतून म्हातारी ओरडली, "येती का गं? बस! जागा हाय!" सगळी ट्रॉली हसली. त्यांच्यातही एक पोट आलेली पोरगी होती. दोन पोत्यांच्या बेचक्यात पाय लांब करून बसलेली. तिला थांबवायला तिथे कुणी नव्हतं. ट्रॉली निघून गेली. तिचं नाव मला माहीत नाही. विमानातल्या त्या माणसाला मी एवढं टोचून बोलले होते.

जामखेडहून वडापची जीप पकडून गावात पोचले तेव्हा उन्हं कलली होती. आमच्या आळीच्या तोंडाशी ट्रॉली उभी होती. भरलेली होती, पण उभी होती.

"आली बघा ब्राझीलबाई," नामदेवतात्या म्हणाला. हा मुकादम. "तुझ्यापायी तास झाला खोळंबलोय. तुझी वहिनी हालायला तयार न्हाई. वन्सं आल्याबिगर न्हाई म्हनती."

वहिनी ट्रॉलीला टेकून उभी होती. मला पाहून तिने आधी हातात करंज्यांचा डबा दिला. भाऊबीजेच्या ठेवल्या होत्या. मी काही बोलायच्या आधीच सोजरमावशीने माझं गाठोडं सोडलं होतं. सोजरमावशी टोळीतली सगळ्यांत थोरली, आणि तोंडाने टोळीतली सगळ्यांत तरुण.

"ए फॉरेन, काय आनलं?"

मी बाह्या दाखवल्या. कशासाठी ते सांगितलं. किती ते सांगताना अडखळले.

"बाराच?" सोजरमावशी म्हणाली. "मंजी बाप्यांला. आमाला काय, साकर चाटायला?"

"मावशी, चुकलं माझं. तिनं विचारलं किती, मी कोयते सांगितले."

बायका खदखदून हसल्या. "आगं पत्रकवाली! तूच तर सांगती ना कोयत्यात दोन मान्सं म्हनून!" मावशीने एक बाही डाव्या हातावर चढवली, उसाचा जुडगा कवेत धरल्यासारखा हात वाकवून पाहिला. "पातं कुटं लागतं? डाव्याला. उजव्यात कोयता असतो. येक येक घ्या गं समद्यांनी. डाव्यापुरतं डावं." एका मिनिटात गाठोडं रिकामं झालं. लहान मापाची जोडी वहिनीच्या हातात आली. तिने एक बाही चढवायला घेतली, आणि माझा संयम सुटला.

"वहिनी, ती काढा. तुम्ही जायचं नाही. दादा, तुला लाज वाटते का? पहिल्या वेळी काय झालं ते विसरलास? तात्या, कोयता मोडतो म्हणून तुम्ही पोटुशी बाई नेणार?"

तात्या शांतपणे तंबाखू मळत होता. "माझ्यावर कशाला वरडती? मला आर्धा कोयता मिळतोय. पाटोद्याकडचा येक गडी येकटाच हाय. त्यो आन तुझा दादा, झाला येक कोयता. माझं कायबी अडलं न्हाई."

मी दादाकडे वळले. दादा ट्रॉलीच्या दोराची गाठ पुन्हा पुन्हा आवळत होता.

"मुकादमाचं सोड," तो म्हणाला. "हिला कुनाजवळ ठिवू ते सांग. आपलं घर बंद, शेजार बंद, समदी आळी ट्रॉलीत बसलीय. हिच्या म्हायेरची मान्सं दसऱ्यालाच कर्नाटकात गेली. येकटीला ठिवू?"

"आरोग्य केंद्राची आशाताई आहे गावात. जामखेडला दवाखाना आहे."

"दवाखान्यात नेनार कोन? सकाळी उटून घोटभर पानी देनार कोन? फडात निदान सोजरमावशी तरी असती."

"गरोदर बाईला फडावर नेऊ नका," हे वाक्य माझ्या प्रत्येक पत्रकात आहे. ते खरं आहे आणि खरंच राहील. पण त्याच्या पुढचं वाक्य कुठल्याच पत्रकात नव्हतं. न नेलेली बाई मग राहते कुठे, कुणाबरोबर?

वहिनी माझ्याकडे बघत होती. ती माझ्यासाठी का थांबली होती, ते मला तेव्हा कळलं.

"वन्सं," ती म्हणाली, "तुमी ऱ्हाता का?"

पुणतांब्यापासून जामखेडपर्यंत माझ्या सभा ठरल्या होत्या. ब्राझीलमध्ये काय पाहिलं ते सांगायचं होतं. हंगामभर गावोगाव हिंडायचं, फडाफडावर बोलायचं. त्यासाठीच संघटनेने मला पाठवलं होतं. पाच महिने सगळ्या जगाशी बोलले आणि त्या एका प्रश्नाला मला लगेच हो म्हणता आलं नाही. ट्रॅक्टरचं इंजिन सुरू होतं. आळीतली सगळी माणसं पोत्यांवरून माझ्याकडे बघत होती. वहिनीने बाही अर्धी चढवलेली तशीच होती.

"राहते," मी म्हटलं.

"सही घ्या तिची, सही!" सोजरमावशी वरून ओरडली. "पुढारी हाय ती!"

दादा ट्रॉलीवर चढला आणि वहिनीचं निळं बोचकं शोधून खाली दिलं, मग तिची गोधडी, मग पाण्याची कळशी. माझ्या हातात देताना त्याने एकदाच माझ्याकडे पाहिलं. ट्रॉली हलली तेव्हा त्याच्या डाव्या हातावर लुर्देसची बाही होती. लुर्देसला मी नंतर फोटो पाठवला.

सभा संघटनेतल्या दुसऱ्या कार्यकर्त्यांनी वाटून घेतल्या. एका साथीदाराने नाराजीने विचारलं, घरगुती कारणासाठी चळवळ थांबवायची का? मी त्याला लांबलचक उत्तर लिहिलं होतं, पाठवलं नाही. त्याला एवढंच कळवलं की मी फिल्डवर आहे.

आणि खरंच आहे. प्रवासवर्णन परतल्यावर संपतं असं म्हणतात. माझं इथे संपत नाही, कारण या गावात मी आलेच नव्हते. दिवाळीनंतरचं माझं गाव मी कधी पाहिलेलं नाही. लहानपणी कोपीत, मग नगरला वसतिगृहात, मग कॉलेज, मग संघटना. हिवाळ्यात घराला कुलूप, मग यायचं कशाला? आता बघते आहे. बंद दारांना बाभळीचे काटेरी फास लावलेले, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. तीच कुत्री आळीत ओळखीचं माणूस शोधत फिरतात. ज्वारी गुडघ्याच्या वर गेली आहे. मागे राहिलेले म्हातारे सकाळी पारावर ऊन खात बसतात. त्यांतल्या एका आजोबांनी मला विचारलं, "तू कुनाच्या घरी पावनी आलीस गं?" ब्राझीलमध्ये मला कुणी पाहुणी म्हटलं नव्हतं.

वहिनीला दर आठवड्याला जामखेडला दाखवून आणते. डॉक्टरीणबाई म्हणतात, ठीक आहे, चालत राहा. म्हणून आम्ही दोघी चालतो. आळीभर, मग मारुतीपर्यंत, मग परत.

काल परसात गेलो. आमच्या मागच्या कुंपणाला एक बोर आहे. ट्रॉली निघते तेव्हा तिची बोरं हिरवी, कच्ची असतात आणि आम्ही परत येतो तेव्हा झडून गेलेली. काल तिची पहिली बोरं पिवळी-तांबूस झाली होती. वहिनीने फांदी ओढली, एक तोडून पदराला पुसलं आणि तोंडात टाकलं. चावता चावता थांबली. तिच्या चेहऱ्याकडे पाहून मला वाटलं, आंबट लागलं असणार.

"वन्सं," ती म्हणाली, "गोड हाय की वो आपली बोर! मी चार वर्सं आंबट समजत हुते."